मालक मुंबईत, तोड रानात

मुकादम कटरची दोरी पुन्हा एकदा खेचतो. यंत्र दोन उचक्या देतं आणि एकदाचं पेटतं. उतारावरची पाखरं भर्रकन उठतात. फेब्रुवारीची सकाळ आहे, गवतावर अजून दव आहे, पण झाडांखाली ऐनाची पानं वाळून पायाखाली करकरताहेत. देवरुखच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावाच्या वरल्या अंगाला आम्ही उभे आहोत. गावाचं नाव सांगत नाही. संगमेश्वर तालुक्यातल्या कुठल्याही गावाचं घाला, मजकुरात फरक पडणार नाही.

तोडीला आलेली टोळी पाच-सहा जणांची. दोघं गावातले, बाकीचे आंबा घाट उतरून आलेले, शाहूवाडीकडचे. पायांत रबरी चपला, डोक्याला टॉवेल. हेल्मेट, हातमोजे, जाड बूट यांतलं काहीही कुणाकडे नाही. मुकादमाच्या खिशात मात्र परवाना आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून जपलेला. झाडांच्या बुंध्यांवर लाल रंगात आकडे घातलेत. आकडा असेल ते पडणार, नसेल ते राहणार. निदान कागदावर तरी असं आहे.

व्यापाऱ्याचा माणूस मोटारसायकलला टेकून फोनवर बोलतोय. पलीकडे जमिनीचे मालक आहेत, म्हणजे मालकांपैकी एक. सातबाऱ्यावर नावांची रांग आहे, आणि रांगेतले बहुतेक कांदिवली, नालासोपारा, दिवा अशा ठिकाणी पसरलेत. "हो हो काका, नंबर घातलेलीच तोडतोय. तुम्ही निर्धास्त राहा. व्हिडिओ पाठवतो ना." काका बहुधा लोकलमध्ये असावेत, कारण फोन दोनदा कटतो. तिसऱ्यांदा कुणी लावत नाही.

"तात्या, सुरू करू ना?" मुकादम विचारतो.

"थांब रे. आधी नारळ ठेवू दे."

तात्या गावातले. जन्म स्वातंत्र्याच्या आगेमागे कधीतरी, नक्की त्यांनाही ठाऊक नाही. हयातभर त्यांनी लाकूडच तोडलं. आता कुऱ्हाड उचलवत नाही, पण तोड कुणाचीही असली तरी राखणदाराचा मान द्यायला त्यांनाच बोलावणं येतं. एका मोठ्या किंजळीच्या मुळाशी ते नारळ, विडा, उदबत्ती मांडतात आणि गाऱ्हाणं घालतात. काम करणाऱ्याच्या हातापायाला इजा होऊ नये, झालेल्या चुकीची क्षमा असावी, मुंबईला आहेत त्यांचं बरं व्हावं. प्रत्येक मागण्याला पोरं "व्हय म्हाराजा" म्हणतात. शाहूवाडीची पोरं जरा उशिरा म्हणतात, त्यांना ही रीत नवी आहे. कटर हातात धरलेला तरुणही मान खाली घालून उभा आहे.

पहिलं झाड ऐनाचं. ऐन ओळखायला कोकणातल्या माणसाला पान लागत नाही. काळपट, चौकटी-चौकटीत तडकलेली जाड साल पुरते. तात्या सालीवरून तळहात फिरवतात आणि गुडघ्याच्या थोडं वर एका फुगवट्यावर थांबतात. "हितं पानी हाय बघ." मुकादमाला घाई आहे, पण म्हाताऱ्याचा शब्द मोडवत नाही. गावातला एक पोरगा कोयत्याच्या टोकाने तिथे टोचा मारतो. क्षणभर काही होत नाही. मग सालीतून पाणी येतं, आधी ठिबकत आणि मग बोटाएवढ्या धारेने. पोरगा ओंजळ धरतो. मीही चव बघतो: तुरट, गार. ऐनाच्या काही झाडांत खोडाशी असं पाणी साठतं, आणि उन्हाळ्यात रानात फिरणाऱ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. धार बारीक होत होत थांबते.

मग खाच. झाड ज्या बाजूला पाडायचं, त्या बाजूने आधी पाचरीच्या आकाराचा तुकडा काढून टाकायचा, बुंध्याच्या सुमारे पाव भागापर्यंत. नंतर विरुद्ध बाजूने, खाचेपेक्षा चार बोटं वर, मागचा काप. दोन्ही काप एकमेकांना भिडू द्यायचे नाहीत. मध्ये लाकडाची एक पट्टी राखायची. हीच पट्टी बिजागरीचं काम करते आणि झाडाला दिशा देते. ती जास्त कापली गेली तर झाड कुठेही जाईल, कमी कापली तर बुंधा उभा चिरत वर जाईल आणि मागच्या माणसाच्या छातीवर येईल. कटरवाला तरुण हे सगळं मिनिटभरात करतो. लाल-पिवळा भुसा त्याच्या पायांवर उडतोय, डोळे त्याने जवळजवळ मिटलेत. चष्मा नाही.

"खालती कोन नाय ना?"

"नाय हो!"

शेंड्याला बांधलेला दोर दोघं खालून ताणतात. कटर थांबतो. आता रानात फक्त झाडाचा आवाज आहे. आतून कुठूनतरी टक्‌ होतं, पुन्हा टक्‌, मग एक लांब कडकडाट, आणि ऐन शेजारच्या कुंभ्याच्या फांद्या मोडत उतारावर आडवा होतो. जमीन पायाखाली हलते. धूळ बसायच्या आत पोरं कोयते घेऊन फांद्यांवर चढलीसुद्धा.

तात्या मात्र खुंटाकडे जातात. "उंच ठेवलास," ते म्हणतात. कटरवाल्याने वाकायचा कंटाळा करून गुडघाभर उंचीवर काप घेतलाय. ऐन, किंजळ यांना तोडल्यावर खुंटातून फुटवे येतात, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण खुंट जमिनीलगत असेल, काप उतरता आणि साफ असेल, तर फुटवा मुळाशी येतो आणि नीट झाड होतं. उंच खुंटाला वरच्या अंगाला फुटलेला कोंब वाऱ्याने मोडतो, आणि सपाट कापावर पावसाचं पाणी साचून खुंट कुजतो. तात्या हे सगळं एका वाक्यात सांगतात, आणि मुकादम मान हलवून पुढच्या झाडाकडे जातो. त्याची मजुरी टनावर आहे, फुटव्यावर नाही.

पूर्वी हेच काम किती माणसांचं होतं, ते तात्यांकडून ऐकावं. मोठ्या ऐनाला दोन कुऱ्हाडी लागत, दोन्हीकडून आळीपाळीने घाव. लय चुकली तर कुऱ्हाडीवर कुऱ्हाड. दांडा धामणीचा, कारण धामण लवते, पिचत नाही, आणि घावाचा हादरा मनगटापर्यंत येऊ देत नाही. झाड पडलं की दोघांची आडवी करवत. नंतर ओंडका उंच घोड्यावर चढवायचा, सुताने काळी रेघ मारायची आणि एकाने वर, एकाने खाली उभं राहून फळी चिरायची. वरचा रेघ सांभाळतो, खालच्याच्या तोंडावर दिवसभर भुसा पडतो. चांदण्यात तोडलेल्या लाकडाला भुंगा लागतो, म्हणून तोड काळोखात, अशी त्यांच्या पिढीची समजूत. कटरला पंधरवडा कळत नाही.

"कुऱ्हाडीनं दमायचो," तात्या म्हणतात, "त्यामुळे रान उरायचं."

हे वाक्य मला पटतं, पण अर्धंच. कोकणातलं रान कुऱ्हाडीच्या काळातही भरपूर उतरलंय, आणि दरवेळी मागणी बाहेरून आली. मराठ्यांच्या आरमाराला लाकूड लागत होतं. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात त्याची काळजी दिसते. सागासारखं लाकूड परवानगीने तोडावं, कमी पडल्यास बाहेरून विकत आणावं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असं तिथे बजावलंय. कारणही दिलंय: ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच झालं तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. धनी समोर आहे, त्याच्याशी बोलता येतं, हे त्या आज्ञेत गृहीत धरलेलं आहे.

मग इंग्रज आले. मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधली जाऊ लागली. त्यांतलं 1817 साली बांधलेलं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. त्याचा साग मलबारचा, पण गोदीची भूक एका किनाऱ्यावर भागणारी नव्हती. 1847 मध्ये मुंबई इलाख्याने डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमलं. सहाच वर्षांनी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि रुळांखालच्या लाकडी स्लीपरांची मागणी सुरू झाली. एका मैलाला सुमारे 2,000 स्लीपर, तेही काही वर्षांनी कुजणारे. 1878 च्या वन कायद्याने सरकारने जंगलांवरचा हक्क पक्का केला. ठाणे-कुलाब्यातल्या शेतकऱ्याला राबासाठी फांद्या तोडणं, गुरं सोडणं, जळण आणणं अवघड झालं. 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जोतीराव फुल्यांनी जंगल खात्यावर कोरडे ओढले ते यासाठीच. तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला 1885 मध्ये चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला.

राब अजून दिसतो. समोरच्या टेकाडावर एक बाई ऐनाच्या कवळाचे भारे खाचरात नेऊन पसरतेय. वाळले की त्यावर शेण, गवत, पातेरा घालून भाजायचं आणि पावसाच्या तोंडावर त्याच जागी भाताचं बी टाकायचं. वर्षानुवर्षं कवळ तोडून तोडून त्या ऐनांचे नुसते खांब झालेत, वर चार फांद्या. पण झाडं जिवंत आहेत. मालकीण रोज त्यांच्याखालून जाते.

दुपारी उन्हाचा तडाखा वाढतो तशी टोळी सावलीला येते. भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. शाहूवाडीकडचा वयाने मोठा गडी तळव्यात रुतलेली ढलपी सुईने काढत बसलाय. मजुरी किती, विचारल्यावर मुकादमाकडे बघून हसतो. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हिशेब मुकादमाच्या वहीत. हा हिशेब जुना आहे. 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यात वारल्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली गवतकापणीच्या दरासाठी संप केला, आणि पुढच्या हंगामात जंगलतोडीच्या मजुरीसाठी. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये तो लढा तपशिलाने आलाय. त्यानंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने ठेकेदाराला वगळून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था काढायला सुरुवात केली. तोडणाऱ्याच्या हातीच कूप, म्हणजे तोडीचा जंगलपट्टा, द्यायचा, अशी कल्पना. सरकारी जंगलात त्या काही काळ चांगल्या चालल्या. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र सरकारी वन नावापुरतं. रान आहे ते जवळपास सगळं मालकीचं, म्हणून इथे मुकादम, व्यापारी आणि उचल यांचंच राज्य राहिलं.

लाकडासाठी माणसं मेलीसुद्धा आहेत. 1930 च्या जंगल सत्याग्रहात लोकनायक अण्यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापलं तेव्हा अटक झाली. पण 25 सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरात, अक्कादेवीच्या माळावर कोयते घेऊन गेलेल्या आगरी, कोळी, कातकरी लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आठ जण हुतात्मा झाले. गोळीबारात मामलेदारही गेले. तिथे स्मारक आहे, दर वर्षी कार्यक्रम होतो. त्या लोकांना जंगल विकायचं नव्हतं. घरची चूल, घराचे वासे आणि नांगराचं लाकूड एवढंच मागणं होतं.

जेवण उरकतंय तोवर खालच्या वाडीतल्या चौघी-पाचजणी वर आल्यात. हातात कोयती, डोक्यावर चुंबळ. मुख्य लाकूड व्यापाऱ्याचं, पण मनगटापेक्षा बारीक फाटी ज्या नेतील त्यांच्या, असा अलिखित करार आहे. पावसाळ्याची बेगमी आत्ताच करायची. शिमगा झाला की आंबे, आंबे झाले की पेरणी. घरोघर गॅस आलाय. तरी आंघोळीचं पाणी, भात उकडणं, गुरांचं आंबोण आणि पाहुण्यारावळ्यांचा स्वयंपाक चुलीवरच. "शिलेंडर किती लवकर संपतो, म्हायताय?" एक वहिनी मलाच विचारतात. भारा बांधायला त्या किवणीची साल सोलून दोर करतात. नायलॉनची दोरी घरी असूनही. भारा उचलून डोक्यावर घेताना दुसरीचा हात लागतो, एकदा चढला की मग थेट घरापर्यंत उतरवायचा नाही. उतारावर त्यांची पावलं तिरकी, छोटी पडतात. मान एकदाही हलत नाही.

चार वाजता खरा व्यवहार सुरू होतो. व्यापाऱ्याचा माणूस टेप आणि वही काढतो. सरळ खोडं इमारतीची, ती घनफुटावर जाणार. फांद्या, वाकडी-पोकळ खोडं जळाऊ, ती टनावर. मोजायची रीत सगळ्या वखारींत एकच. ओंडक्याच्या मध्यावर टेप गुंडाळून घेर घ्यायचा, त्याला चाराने भागायचं, येईल त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. पडलेल्या ऐनाचा एक ओंडका मी त्याच्याबरोबर मोजतो. घेर 6 फूट, लांबी 10 फूट. सहाचा चौथा भाग दीड, दीड दुणे नव्हे, दीड गुणिले दीड, सव्वादोन. गुणिले 10. साडेबावीस घनफूट. वहीत तेवढेच लिहिले जातात.

आता शाळेतली भूमिती काढा. 6 फूट घेराच्या गोल खोडात 10 फूट लांबीला प्रत्यक्षात साधारण 28.6 घनफूट लाकूड असतं. म्हणजे या मापात दर ओंडक्यामागे एकवीस-साडेएकवीस टक्के लाकूड हिशेबाबाहेर राहतं. रीत इंग्रजांच्या काळातली, आणि तिला तेव्हा कारण होतं: साल जाते, चौकोनी तासताना चारी बाजूंच्या फळकुटांचा भुर्दंड पडतो, म्हणून ती सूट. पण आज गिरणीत पट्टीच्या करवतीवर फळकुटंही विकली जातात, भुसाही विकला जातो, आणि सूट तशीच चालू आहे. शिवाय पोकळीची वेगळी वजावट होते, ती नजरेने.

"मालकाला ठाऊक असतं का हे?" मी विचारतो.

"त्यांना काय त्याचं? त्यांनी उक्तं दिलंय."

उक्तं म्हणजे रान बघून एकरकमी. किती झाडं, किती घेर, किती टन, काही नाही. व्यापारी येतो, डोंगर खालून बघतो, आकडा बोलतो. भावकीतला एक जण मुंबईहून फोनवर होय म्हणतो, बाकीच्यांच्या सह्या गणपतीला गोळा होतात. त्यात कुणाचा वाईट हेतू असतो असं मी म्हणणार नाही. मुलीचं लग्न असतं, चाळीतली खोली पुनर्विकासाला गेलेली असते, गावचं घर शाकारायला पैसे हवे असतात. पण रानाची किंमत बघणारे दोघेच, आणि त्यातला एक विकत घेणारा. सकाळच्या फोनवर काका जे बोलले, त्यात झाडांच्या जातीचा एकदाही उल्लेख नव्हता. ऐन, किंजळ, कुंभा, हेद, सगळं 'लाकूड'.

ट्रक भरायला अंधार पडतो. क्रेन वगैरे इथे येत नाही. ओंडक्याखाली आडव्या बल्ल्या सरकवून, दोन्हीकडून खांदा देऊन, दोन फळ्यांच्या उतारावरून माणसंच तो वर चढवतात. एकाची चप्पल घसरते, ओंडका हातभर मागे येतो, सगळे एकदम ओरडतात, कुणीतरी पाचर घालतं. दोन मिनिटं कुणी काही बोलत नाही. मग पुन्हा खांदे लागतात. जळाऊ माल आंबा घाटाने वर जाणार, तिथल्या कारखान्यांच्या बॉयलरना. या उतारावर खैर नाही; असता तर तो चिपळूण-सावर्ड्याच्या काताच्या भट्ट्यांकडे गेला असता, आणि बहुधा बराच आधी.

उतार आता उघडा दिसतो. सगळा नव्हे. बिनआकड्याची झाडं उभी आहेत, आणि पलीकडे ओढ्याच्या वळणावर देवराई आहे, तिथे वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. मधला पट्टा मात्र भगभगीत झालाय. ओंडके ओढत नेलेल्या खुणांनी लाल माती वर आलीय. जूनमध्ये पहिल्या जोराच्या पावसात ती ओढ्यात उतरेल आणि ओढ्यातून शास्त्री नदीत. या नदीतून एके काळी संगमेश्वरापर्यंत गलबतं यायची, गाळाने ती वाट बुजून गेली. शेजारच्या चिपळुणात 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेतल्या इमारतींच्या पहिल्या मजल्याला लागलं, तेव्हा कुठे नदीतल्या गाळावर आणि डोंगरावरच्या तोडीवर एकत्र बोलणं सुरू झालं. पुराला कारणं अनेक होती. पण गाळ वरूनच येतो, याबद्दल तिथे कुणाचा वाद नव्हता.

तात्या काठी टेकत खुंटांच्या मधून फिरताहेत. उंच राहिलेल्या दोन-तीन खुंटांवर गावातल्या पोराकडून ते पुन्हा तिरका काप घेऊन घेतात. पोरगा कुरकुरत करतो. त्याचे पैसे त्याला कुणी देणार नाही.

म्हणून गावाकडे डोंगर असलेल्या आणि मुंबई-पुण्यात राहणाऱ्या वाचकांना एवढंच सांगायचंय. लाकूड विकू नका, असं मी म्हणत नाही. कोकणातलं रान पिढ्यान्‌पिढ्या तोडत आणि राखतच आलंय. पण उक्तं देऊ नका. झाडांना आकडे घालायच्या दिवशी गावी या आणि कुठली राखायची ते स्वतः सांगा; ओढ्याकाठची आणि ढोलीची झाडं तर राखाच. घेर आणि लांबी आपल्या वहीत लिहा, चाराने भागण्याची सूट दरात धरून मगच आकडा बोला. खुंट जमिनीलगत आणि उतरता कापायचा, हे करारात घाला. पुढची दोन-तीन वर्षं गुरं लागू देऊ नका, आणि प्रत्येक खुंटावर दोन चांगले फुटवे ठेवून बाकीचे छाटा. ऐन आणि किंजळ ही दोन्ही झाडं महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, आणि परवानगीचा अर्ज व्यापाऱ्याच्या नव्हे, तुमच्याच नावाने जातो. त्यावर सही करण्याआधी एकदा तो उतार चढून या.